विकत घेतलेलं गाणं नेमकं कुणाचं? : कायदेशीर डाउनलोड दुकानांची गोष्ट

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघात आलेले शब्द फारसे बदललेले नाहीत.)

आजची गोष्ट आहे दुकानांची. गाण्यांच्या दुकानांची. पण ना त्यांना शटर होतं, ना गल्ला, ना काउंटरमागे उभा राहून "कोणता राग हवाय?" असं विचारणारा जाणकार माणूस. ही दुकानं इंटरनेटवर होती, आणि त्यातली बरीचशी आज नाहीत.

सुरुवात एका ईमेलने करू. एप्रिल २००८ मध्ये अमेरिकेतल्या काही लोकांना मायक्रोसॉफ्टकडून एक ईमेल आला. कंपनीच्या एमएसएन म्युझिक नावाच्या दुकानातून या लोकांनी गाणी विकत घेतली होती. रीतसर, कार्डाने पैसे भरून. ईमेलचा मथितार्थ असा, की ३१ ऑगस्टनंतर आम्ही परवाने देणारे सर्व्हर बंद करतोय. तुमची गाणी सध्याच्या संगणकावर वाजत राहतील, पण नवा संगणक घेतलात किंवा विंडोज बदललंत, तर ती तिथे चालणार नाहीत.

आता हे नीट समजून घ्या. या लोकांनी चोरी केली नव्हती. शेजारचा मुलगा फुकट गाणी उतरवत होता तेव्हा यांनी नियम पाळून पैसे मोजले होते. आणि आता फुकट्याची गाणी वाजत राहणार होती, यांची मात्र बंद पडणार होती! ओरड झाली आणि मायक्रोसॉफ्टने मुदत २०११ च्या अखेरपर्यंत वाढवली. पण मूळ प्रश्न तसाच राहिला. विकत घेतलं म्हणजे काय झालं? दुकान निवडताना या लोकांनी काय बघायला हवं होतं? त्यासाठी थोडं मागे जाऊ.

फुकटची सवय

साध्या सीडीवर एका मिनिटाच्या संगीताला साधारण दहा मेगाबाइट जागा लागते. म्हणजे पाच मिनिटांचं गाणं पन्नास मेगाबाइटचं. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी ज्यावर वर्षानुवर्षं काम केलं, त्या एमपी-थ्री तंत्राने हेच गाणं पाच मेगाबाइटच्या आसपास आणलं. कानाला जे फारसं ऐकूच येत नाही ते गाळायचं, अशी त्यामागची कल्पना. टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या तेव्हाच्या इंटरनेटवर पन्नास मेगाबाइट म्हणजे अख्खी दुपार. पाच मेगाबाइट मात्र चहा होईपर्यंत उतरायचे. सगळी गोष्ट या फरकातून सुरू होते.

१९९९ च्या जूनमध्ये नॅप्स्टर आलं. शॉन फॅनिंग नावाच्या कॉलेजातल्या मुलाने बनवलेला प्रोग्रॅम. माझ्या संगणकावरची गाणी तुला, तुझी मला. डिसेंबरमध्येच रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने खटला भरला आणि जुलै २००१ मध्ये नॅप्स्टर बंद पडलं. पण तोपर्यंत कोट्यवधी लोकांना एक सवय लागली होती. ती नुसती फुकटची नव्हती बरं का. हवं ते गाणं, हव्या त्या क्षणी, एकच्या एक, अख्खा अल्बम न घेता मिळतं, ही सवय जास्त महत्त्वाची होती.

कंपन्यांनी मग लोकांवरच खटले भरले. सप्टेंबर २००३ मध्ये पहिल्या फेरीत २६१ जणांवर. त्यात न्यूयॉर्कची बारा वर्षांची एक मुलगी निघाली आणि तिच्या घरच्यांनी २,००० डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. पुढे २००७ मध्ये मिनेसोटातल्या एका बाईला ज्युरीने २४ गाण्यांसाठी २,२२,००० डॉलरचा दंड ठोठावला. म्हणजे एका गाण्याला ९,२५०. पुढची बरीच वर्षं ते प्रकरण कोर्टात फिरत राहिलं, पण आकडा लोकांच्या डोक्यात बसायचा तो बसला.

तेव्हा "कायदेशीर डाउनलोड" हा प्रश्न निव्वळ नीतिमत्तेचा नव्हता. त्यात भीतीही होती.

पहिली कायदेशीर दुकानं, आणि ती का चालली नाहीत

मग कंपन्यांनी स्वतःची दुकानं का काढली नाहीत? काढली ना! डिसेंबर २००१ मध्ये दोन आली. सोनी आणि युनिव्हर्सल यांचं प्रेसप्ले. आणि वॉर्नर, बीएमजी, ईएमआय यांचं, रिअलनेटवर्क्सला सोबत घेऊन केलेलं म्युझिकनेट.

इथेच पहिली गडबड. गिऱ्हाइकाला कुठे ठाऊक असतं, आपल्या आवडीचा गायक कोणत्या कंपनीचा आहे ते? आपल्याकडे विचार करा. लताबाईंची अमुक गाणी एका दुकानात, तमुक दुसऱ्या, आणि दोन्हीकडे वेगवेगळी महिन्याची वर्गणी. कोण जाईल?

आणि अटी ऐका. म्युझिकनेटच्या गाण्यांची महिन्याला जवळपास दहा डॉलर वर्गणी, त्यात १०० डाउनलोड. पण ती गाणी तीस दिवसांनी बंद. प्रेसप्लेवर वरच्या वर्गणीत काही गाणी सीडीवर उतरवता यायची, पण एका महिन्यात एका कलाकाराची दोनच. म्हणजे आवडत्या गायिकेची बारा गाणी सीडीवर हवी असतील, तर सहा महिने थांबा.

हा व्यवहार ज्याला विकत घ्यायचं आहे त्याच्यासाठी रचलेलाच नव्हता. चोर कसा अडेल, या विचाराने रचलेला होता. आणि चोर तर दुकानात येतच नव्हता.

याच काळात एक छोटं दुकान वेगळ्या वाटेने चाललं होतं. ईम्युझिक. १९९८ पासूनचं. तिथे मोठ्या कंपन्यांची गाणी नव्हती, स्वतंत्र छोट्या कंपन्यांची होती. जॅझ, ब्लूज, लोकसंगीत, नवे बँड. पण गाणी साध्या एमपी-थ्रीत मिळायची. कुलूप नाही, मुदत नाही. २००४ च्या सुमारास महिन्याला ९.९९ डॉलरमध्ये ४० गाणी, म्हणजे गाण्याला पंचवीस सेंट. लोक म्हणायचे, "पण तिथे आपलं काही मिळतच नाही." खरंच होतं ते. तरीही हे दुकान लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नव्याण्णव सेंट

२८ एप्रिल २००३. ॲपलने आयट्यून्स म्युझिक स्टोअर उघडलं. पाचही मोठ्या कंपन्यांची मिळून दोन लाख गाणी, कुठलंही गाणं ९९ सेंटला, वर्गणी नाही. पहिल्या आठवड्यात दहा लाख गाणी विकली गेली, आणि तेव्हा हे दुकान फक्त मॅकवर चालायचं. ऑक्टोबरमध्ये ते विंडोजवर आलं आणि मग खरा पसारा सुरू झाला.

स्टीव्ह जॉब्सने कंपन्यांना कसं पटवलं याच्या कथा पुष्कळ आहेत. पण आपल्या विषयाला महत्त्वाची गोष्ट एकच. कंपन्यांनी होकार दिला तो कुलपाच्या अटीवर. या कुलपाला म्हणतात डीआरएम. फाइल तुमच्याकडे असते, पण ती उघडायची किल्ली दुकानाकडे. ॲपलच्या कुलपाचं नाव फेअरप्ले. सुरुवातीला गाणं तीन संगणकांवर चालायचं, पुढे पाच. तीच यादी सीडीवर दहा वेळा उतरवता यायची, पुढे सात. आयपॉड कितीही चालतील. कुलूप होतंच, पण दोरी इतकी लांब सोडलेली, की बहुतेकांच्या गळ्याला ती कधी जाणवलीच नाही.

जाणवायची कधी? दुसऱ्या कंपनीचा प्लेअर घेतल्यावर. आयट्यून्सचं गाणं आयपॉडवरच वाजायचं. पन्नास डॉलरची गाणी घेतलेला माणूस पुढचा प्लेअर कुठला घेणार? ९९ सेंटमधले सत्तरच्या आसपास सेंट रेकॉर्ड कंपनीला जायचे. कार्डाचा खर्च वगळला तर ॲपलच्या हाती फार काही उरत नव्हतं. कमाई होती आयपॉडमध्ये.

२००४ ची बाजारपेठ

आता कल्पना करा, २००४-०५ साल आहे, तुम्ही न्यू जर्सीत राहताय, नवी नोकरी, हातात नवा प्लेअर, आणि गाणी कायदेशीरच घ्यायची असं ठरवलंय. समोर काय काय होतं?

आयट्यून्स ९९ सेंट, पण आयपॉड हवा. वॉलमार्ट ८८ सेंट, मायक्रोसॉफ्टच्या कुलपात. नॅप्स्टर! हो, तेच नाव. रॉक्सिओ कंपनीने दिवाळखोरीतून नाव विकत घेतलं, प्रेसप्लेही घेतलं आणि दोन्ही मिळून कायदेशीर दुकान थाटलं. शिवाय महिन्याच्या वर्गणीवर हवं तेवढं ऐका, वर्गणी थांबली की गाणी बंद. सोनीचं कनेक्ट हे दुकान मे २००४ मध्ये आलं. त्याची गाणी सोनीच्याच एट्रॅक नावाच्या प्रकारात, सोनीच्याच प्लेअरवर. रिअलनेटवर्क्सने आपली गाणी आयपॉडवर चालतील अशी युक्ती काढली आणि काही आठवडे गाणं ४९ सेंटला विकलं. ॲपलने त्यांची संभावना हॅकर म्हणून केली आणि पुढच्या आयपॉडमध्ये ती युक्ती निकामी केली.

तेव्हाच्या नियतकालिकांत या दुकानांचे तुलनात्मक तक्ते छापून यायचे. किंमत किती, गाणी किती, आवाजाचा दर्जा किती किलोबिट. एका दुकानात सात लाख गाणी, दुसऱ्यात दहा लाख. एकाकडे अकरा सेंट वाचतात.

मला त्या तक्त्यांची गंमत वाटते ती यासाठी, की त्यांतल्या मोठ्या आकड्यांवरून पुढे काहीच ठरलं नाही. अकरा सेंटांची बचत आज कुणाच्या लक्षातही नाही. ठरलं ते तक्त्याच्या तळाशी, बारीक अक्षरांत असलेल्या रकान्यावरून : फाइलचा प्रकार कोणता, आणि कुलूप आहे का?

सोनीचं कनेक्ट मार्च २००८ मध्ये बंद झालं. मायक्रोसॉफ्टची कथा तर आणखी विचित्र. त्यांनी आपल्या कुलपाला नाव दिलं होतं "प्लेज फॉर शुअर". म्हणजे हमखास वाजेल! वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्लेअरवर वाजेल, अशी ती ग्वाही. नोव्हेंबर २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःचा झून हा प्लेअर आणला आणि त्यावर ती हमखास वाजणारी गाणी वाजेनात. मायक्रोसॉफ्टच्याच दुकानातली गाणी, मायक्रोसॉफ्टच्याच प्लेअरवर. दीड वर्षाने आला तो ईमेल, ज्याच्यापासून आपण सुरुवात केली.

कायदेशीर म्हणजे कुणाच्या कायद्याने?

या गोष्टीत एक रशियन पात्रही आहे. ऑलऑफएमपीथ्री. मॉस्कोतलं दुकान. तिथे गाण्याची किंमत वजनावर, म्हणजे मेगाबाइटवर. भाजी तोलून घ्यावी तशी. एका मेगाबाइटला दोन-तीन सेंट, अख्खा अल्बम एक-दोन डॉलरला. फाइलचा प्रकार तुम्ही निवडा, दर्जा तुम्ही निवडा, कुलूप नाही. गिऱ्हाइकाच्या बाजूने बघितलं तर तेव्हाचं सगळ्यात उत्तम दुकान!

आणि ते स्वतःला कायदेशीर म्हणवायचं. रशियातल्या एका हक्कवसुली संस्थेला आम्ही पैसे देतो, असं त्यांचं म्हणणं. रेकॉर्ड कंपन्यांचं म्हणणं, त्या संस्थेला आम्ही कधी अधिकारच दिला नाही. शेवटी हे प्रकरण एवढं वर गेलं, की जागतिक व्यापार संघटनेत रशियाला प्रवेश मिळण्याच्या वाटाघाटींत अमेरिकेने या एका दुकानाचा मुद्दा काढला. कार्ड कंपन्यांनी व्यवहार थांबवले आणि २००७ च्या उन्हाळ्यात दुकान बंद झालं.

यातून घ्यायचं ते एवढंच. पैसे घेतले म्हणजे दुकान कायदेशीर, असं होत नाही. पैसे कुठे पोचतात, हा खरा प्रश्न. दुकान पैसे घेतं पण गायकाला, संगीतकाराला, कंपनीला ते पोचतच नसतील, तर तुम्ही कलाकाराला काहीच दिलेलं नाही.

कुलूप कुणी उघडलं?

आता या कथेतला मोठा फेरा. कुलूप हवं होतं रेकॉर्ड कंपन्यांना. पण त्या कुलपाची किल्ली राहिली ॲपलकडे. लोकांच्या खिशात आयपॉड, आयपॉडवर कुलूपवालं गाणं वाजायचं तर ते आयट्यून्सचंच. म्हणजे कंपन्यांना गाणी विकायला ॲपलच्या दारातूनच जावं लागे, आणि ॲपल म्हणे, किंमत ९९ सेंट, सगळ्यांची सारखी. चोरासाठी घातलेल्या कुलपात मालकच अडकला.

त्यात २००५ च्या अखेरीस सोनी बीएमजीची नाचक्की झाली. त्यांनी पन्नासएक अल्बमांच्या सीड्यांवर असा प्रोग्रॅम घातला होता, जो संगणकात गुपचूप लपून बसायचा. एका सुरक्षातज्ज्ञाने तो उघडकीस आणला आणि कंपनीला सीड्या परत मागवाव्या लागल्या. इथेही फटका बसला तो सीडी विकत घेणाऱ्यालाच.

जानेवारी २००७ मध्ये नॉर्वेच्या ग्राहक लोकपालाने ॲपलचं कुलूप तिथल्या कायद्यात बसत नाही असा निर्णय दिला. ६ फेब्रुवारीला स्टीव्ह जॉब्सने संगीताविषयी एक जाहीर पत्र लिहिलं. त्यातला हिशेब मजेशीर आहे. तोवर आयट्यून्सवर साधारण दोन अब्ज गाणी आणि सुमारे नऊ कोटी आयपॉड विकले गेले होते. म्हणजे एका आयपॉडमागे बावीस गाणी. आयपॉडमध्ये हजार गाणी मावतात असं धरलं, तर तीन टक्क्यांहून कमी. बाकीची सत्त्याण्णव टक्के गाणी बिनकुलपाचीच आहेत, मग या तीन टक्क्यांना कुलूप घालून कोणती चोरी थांबली?

एप्रिलमध्ये ईएमआयने होकार दिला. २५ सप्टेंबर २००७ ला ॲमेझॉनने आपलं एमपी-थ्री दुकान उघडलं : वीस लाख गाणी, ८९ ते ९९ सेंट, २५६ किलोबिट, कुलूप नाही, कुठल्याही प्लेअरवर चालणारी. ईएमआय आणि युनिव्हर्सल पहिल्या दिवसापासून होत्या. डिसेंबरमध्ये वॉर्नर आली आणि जानेवारी २००८ मध्ये सोनी बीएमजी. ॲपलच्या आधी ॲमेझॉनला सगळ्यांची बिनकुलपाची गाणी मिळाली, कारण कंपन्यांना ॲपलला तोडीस तोड दुकान उभं करायचं होतं. ग्राहकाचं भलं झालं ते दोन मोठ्यांच्या भांडणात.

६ जानेवारी २००९ ला ॲपलनेही जाहीर केलं की कुलूप काढतोय. बदल्यात किमती तीन झाल्या : ६९, ९९ आणि १२९ सेंट. आणि आधी घेतलेल्या गाण्यांचं कुलूप काढायचं असेल तर? गाण्यामागे तीस सेंट. आपल्याच घराची किल्ली आपणच विकत घ्यायची, म्हणा ना.

आणि आपण?

या सगळ्या काळात भारतात काय चाललं होतं? आयपॉड भारतात रीतसर विकत मिळत होता. त्यात भरायची गाणी विकणारं दुकान मात्र नव्हतं. आयट्यून्स स्टोअरवर खरेदी करायची तर त्या देशातलं कार्ड आणि पत्ता लागायचा. सॅन होजेतला मराठी माणूस ९९ सेंटला गाणं घेऊ शकत होता, सदाशिव पेठेतला त्याचा भाऊ नाही. आयट्यून्स भारतात आलं ४ डिसेंबर २०१२ ला. अमेरिकेनंतर साडेनऊ वर्षांनी!

मधल्या काळात आपण काय केलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. स्टेशनबाहेर मिळणारी दीडशे गाण्यांची एमपी-थ्री सीडी. मग मोबाइलच्या दुकानातली पाटी : "मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील." दहा-वीस रुपयांत कार्ड गच्च. दुकानदार विचारायचा, "जुनी टाकू का नवी? भावगीतं, लावण्या, सगळं आहे." खरं तर काउंटरमागचा जाणकार माणूस इथे परत आला होता. फक्त त्याच्या व्यवहारातला एक रुपयाही गाणाऱ्यापर्यंत जात नव्हता.

यावर लगेच म्हटलं जातं, की भारतीय माणूस गाण्याला पैसे देतच नाही. थांबा. याच वर्षांत आपण कॉलर ट्यूनसाठी महिन्याला तीस-तीस रुपये देत होतो. जे गाणं आपल्याला ऐकूच येत नाही, आपल्याला फोन करणाऱ्याला ऐकू येतं, जे ठेवून घेता येत नाही, आणि महिना संपला की पुन्हा पैसे! का दिले? कारण ते मोबाइलच्या बॅलन्समधून आपोआप कापले जायचे. एक आकडा दाबला की काम झालं. त्या पैशांतला मोठा वाटा मोबाइल कंपनी ठेवायची, ते वेगळं. पण पैसे देण्याची तयारी होती. सोय नव्हती.

फ्लिपकार्टने हे करून बघितलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लाइट नावाचं दुकान काढलं. एमपी-थ्री, कुलूप नाही. आणि जून २०१३ मध्ये बंदही केलं. त्यांनी दिलेल्या कारणांत एक होतं चाचेगिरी आणि दुसरं छोट्या रकमा भरण्याची सोय नसणं. आयट्यून्सने भारतात गाण्याची किंमत ७, १२ आणि १५ रुपये ठेवली होती. आता बारा रुपयांसाठी कार्डाचा सोळा आकडी नंबर टाका, पासवर्ड टाका, मग ओटीपीची वाट बघा. तेवढ्या वेळात मेमरी कार्डवाला पन्नास गाणी भरून द्यायचा. यूपीआय आलं २०१६ मध्ये. तोवर ही दुकानं तरी गेली होती किंवा लोक ऐकण्याच्या ॲपकडे वळले होते.

पण फ्लाइटच्या गिऱ्हाइकांचं काय झालं, ते बघा. दुकान बंद होणार म्हटल्यावर घेतलेली गाणी उतरवून ठेवायला त्यांना काही आठवड्यांची मुदत मिळाली. ज्यांनी उतरवली, त्यांची गाणी आजही वाजतात. दुकान मेलं, गाणी जगली. एमएसएन म्युझिक आणि फ्लाइट, दोन्ही दुकानं बुडाली. फरक पडला तो फक्त कुलपाचा. ईम्युझिकही यासाठीच लक्षात ठेवायला सांगितलं होतं. त्यांच्याकडे गाणी कमी होती, नावं अनोळखी होती. पण २००३ साली तिथून घेतलेलं गाणं आजच्या फोनवर तसंच वाजतं. तक्त्यात ते दुकान नेहमी खाली असायचं.

आज हे का सांगायचं?

तुम्ही म्हणाल, आता डाउनलोड करतंय कोण? खरं आहे. अमेरिकेत २०१५ मध्येच स्ट्रीमिंगचं उत्पन्न डाउनलोडच्या पुढे गेलं. आपण महिन्याची वर्गणी भरतो, नाहीतर जाहिराती ऐकतो. म्हणजे गंमत बघा, २००१ मध्ये ज्या अटींना लोक हसले, त्याच अटींवर आपण आज खुशीने ऐकतोय : वर्गणी थांबली की गाणी बंद. फरक एवढाच, की आता सगळ्या कंपन्यांची गाणी एकाच छताखाली आहेत.

पण छताचा करार ठरावीक मुदतीचा असतो. स्नेहल आणि स्वप्नील शिंदे या जुळ्या भावांनी सुरू केलेली "धिंगाणा" ही सेवा आठवते का? पुण्यात तिची कचेरी होती. टी-सीरिजशी करार पुढे वाढला नाही आणि २०१४ च्या फेब्रुवारीत ती बंद पडली. तिच्यावर वर्षानुवर्षं जमवलेल्या लोकांच्या याद्या तिच्यासोबत गेल्या. लोकप्रिय गाणी दुसरीकडे मिळतातच हो. जात्यावरच्या ओव्यांचं ध्वनिमुद्रण, एखादं विस्मृतीत गेलेलं नाट्यगीत, एखाद्या छोट्या कंपनीने काढलेली मैफल, हे एकदा यादीतून गेलं की कुणाला पत्ताही लागत नाही.

म्हणून, जे गाणं गमावलं तर आपल्याला खरंच चुटपुट लागेल, तेवढं तरी विकत घेऊन ठेवावं. आणि घेताना या इतिहासाने शिकवलेले पाच प्रश्न विचारावेत.

एक. कुलूप आहे का? दुकान उद्या बंद झालं, तर गाणं वाजेल का? उत्तर "नाही" असेल तर ते भाडं आहे, खरेदी नाही.

दोन. फाइलचा प्रकार कोणता? एमपी-थ्री सगळीकडे चालतं. आवाज जसाच्या तसा हवा असेल, शास्त्रीय मैफल असेल, तर फ्लॅक घ्यावं. त्यातून एमपी-थ्री कधीही बनवता येतं, उलटं होत नाही.

तीन. पैसे कुणाला पोचतात? २००८ मध्ये सुरू झालेलं बँडकँप डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के ठेवतं आणि उरलेले, पैसे भरण्याचा खर्च वगळून, कलाकाराकडे जातात. असा हिशेब जे दुकान उघडपणे सांगतं, ते चांगलं.

चार. हे फुकट असेल, तर का फुकट आहे? फुकट म्हणजे बेकायदा, असंही नाही. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं टिकतो. बालगंधर्वांच्या १९३० च्या दशकातल्या तबकड्यांच्या मुद्रणावरचा तो हक्क केव्हाच संपला. मात्र गीतकार आणि संगीतकार यांचा हक्क वेगळा असतो, त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत. तेही पाहावं लागतं.

पाच, आणि हा सगळ्यात सोपा. घेतलेल्या गाण्याची दुसरी प्रत ठेवली का? फ्लाइटवर पैसे भरून ज्यांनी फाइल उतरवली नाही, त्यांना कुलूप नसण्याचा काय उपयोग?

एक गोष्ट मात्र कुठल्याच दुकानाकडून मिळत नाही. आजीच्या कॅसेटी आईकडे आल्या, आईच्या आपल्याकडे. जुन्या बाजारात त्या विकताही येतात. डिजिटल गाण्याचं तसं नाही. रीडीजी नावाच्या कंपनीने वापरलेली डिजिटल गाणी विकायचा बाजार काढला होता. अमेरिकेतल्या कोर्टाने २०१३ मध्ये आणि मग अपिलात २०१८ मध्ये सांगितलं, की हे चालणार नाही. एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइल गेली म्हणजे नवी प्रत झाली, आणि प्रत काढण्याचा हक्क तुमचा नाही.

तरी एक छोटी चांगली बातमी. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून एक कायदा लागू झालाय. डिजिटल वस्तू विकताना, मिळतोय तो फक्त वापरण्याचा परवाना असेल, तर तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय दुकानाला "विकत घ्या" हे शब्द वापरता येत नाहीत. अपवाद कुणाला? जे दुकान कायमची उतरवून ठेवता येईल अशी फाइल देतं आणि नंतर ती काढून घेऊ शकत नाही, त्याला. एमएसएनच्या गिऱ्हाइकांना तो ईमेल आला त्यानंतर जवळपास सतरा वर्षांनी "विकत" या शब्दाचा अर्थ निदान एका राज्याच्या कायद्यात तरी लिहिला गेला.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्याकडे अशी कुठली गाणी आहेत, जी आता कुठल्याच ॲपवर मिळत नाहीत? आम्हाला जरूर कळवा, त्यावर पुढे एखादा भाग करता येईल. आणि हो, आज रात्री ती एका पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, ऐकत राहा.